नो-गो बाजू कोण तपासणार?

चाकणच्या एखाद्या कारखान्याला आठ मिलिमीटरचा साधा बोल्ट पुरवायचा म्हटलं, तरी आमच्या भोसरीच्या शेडवाल्याला आधी एक जाडजूड फाइल द्यावी लागते. स्टील कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या ओतीचं, टेस्ट सर्टिफिकेट काय सांगतं, हार्डनेस किती, प्लेटिंगची जाडी किती, ज्या गेजने मोजलं त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि कुणी केलं. या पट्ट्यात याला सगळे ‘पीपॅप’ म्हणतात. अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी १९९० च्या दशकात रुळवलेली ही पद्धत आता मोशी-तळवड्यातल्या चार माणसांच्या युनिटलाही चुकत नाही. एवढं करून माल गेला आणि लॉटमधल्या चार बोल्टांचे आटे खराब निघाले, तर अख्खा लॉट परत येतो, वर डेबिट नोट येते आणि पुढच्या आठवड्यात कस्टमरचा माणूस ऑडिटला दारात उभा राहतो. बोल्टची किंमत असते दोन-चार रुपये.

आता दुसरी वस्तू बघा. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी, आत शंभर मायक्रोलिटर द्रव, म्हणजे जेमतेम दोन थेंब. किंमत तीस-चाळीस हजार रुपये, कधी त्याहून जास्त. परदेशातून थंड डब्यात येते, कस्टममध्ये रेंगाळते, पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचायला महिना-दोन महिने सहज लावते. सोबत एक कागद, त्यावर एखाद-दुसरं छापील चित्र आणि खाली एक ओळ : ‘केवळ संशोधनासाठी’. या ओळीचा व्यवहारातला अर्थ असा, की ही वस्तू माणसाला टोचायची नाही, तेव्हा औषध नियंत्रकाचा तिच्याशी संबंध नाही. जे ओळखते म्हणून ती विकली जाते, तेच ती खरोखर ओळखते का, हे विकण्याआधी कुठल्याही खात्याला दाखवून द्यावं लागत नाही.

ही वस्तू म्हणजे संशोधनासाठीची अँटीबॉडी. माझं सगळं आयुष्य भोसरी एमआयडीसीत इन्स्पेक्शनच्या टेबलामागे गेलं. जीवशास्त्र दहावीलाच सुटलं. पण भाची पुण्यात मेंदूवर पीएच.डी. करते आहे, आणि रविवारी जेवायला आली की तिच्या तक्रारी मला फार ओळखीच्या वाटतात. सप्लायर, लॉट, रिजेक्शन. फरक एवढाच, की रिजेक्शन कुणाच्या नावावर टाकायचं हे तिला कळत नाही.

तिचा विषय आठवणींचा आहे. आपण काही शिकलो की दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या सांध्यावर, म्हणजे सिनॅप्सवर, बदल होतो. काही सांधे बळकट होतात, काही ढिले पडतात. लकवा मारलेला कामगार सहा महिन्यांच्या व्यायामानंतर पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागतो, त्यात मेंदूच्या याच गुणाचा मोठा वाटा असतो. हे बदल प्रथिनं घडवतात. पीएसडी-९५, कॅमके-टू, आर्क, बीडीएनएफ अशी त्यांची नावं आहेत. माझ्या जिभेवर ती आता पार्ट नंबरासारखी बसली आहेत.

हे सगळं दूर कुठे अमेरिकेत चालतं असं समजू नका. गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, अमिताभ मजुमदार यांची प्रयोगशाळा फळमाशीतल्या ऑर्ब-टू या प्रथिनावर काम करते. त्याआधी ते अमेरिकेत कन्सास सिटीच्या स्टोवर्स इन्स्टिट्यूटमध्ये कौशिक सी यांच्या गटात होते. त्या गटाचा २०१२ साली ‘सेल’मध्ये छापून आलेला निबंध या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑर्ब-टूचे रेणू एकमेकांना चिकटून छोटे पुंजके करतात. हे पुंजके होऊ दिले नाहीत तर माशीला आठवण होते, पण टिकत नाही. माशीची आठवण कसली, तर मादीने झिडकारल्याची. नर माशी ती दिवसेंदिवस मनात धरून बसते. (हे ऐकून माझ्या मेहुण्यांनी आमटी वाढून घेतली आणि विषय बदलला.)

आता ही प्रथिनं बघायची कशी? मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी पीएसडी-९५ काही हात वर करून ‘मी इथे’ म्हणत नाही. त्यासाठी अशी अँटीबॉडी सोडायची, जी हजारो प्रथिनांतून नेमक्या एकाला धरेल. तिच्यावर चमकणारा रंग बसवायचा. रंग जिथे दिसेल तिथे ते प्रथिन आहे असं मानायचं. दुसरा मार्ग जेलचा. मेंदूचा अर्क जेलमधून पळवायचा, प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी होतात, मग अँटीबॉडीने त्यातली हवी ती पट्टी उठवायची. पीएसडी-९५ मधला ९५ हा आकडा वजनाचाच, किलोडाल्टनमधला. पट्टी ९५ च्या आसपास आली की प्रयोग जमला म्हणायचं.

भाचीच्या बाबतीत झालं ते असं. जुनी कुपी संपली. त्याच कंपनीची, त्याच कॅटलॉग नंबरची नवी मागवली. एका पट्टीच्या जागी दोन आल्या. कंपनीला मेल केला. उत्तर आलं, तुमची कार्यपद्धती तपासून पाहा. तिने तपासली, महिना गेला. शेवटी कुपीवरचा लॉट नंबर ताडून पाहिला आणि उलगडा झाला. ही अँटीबॉडी सशाच्या रक्तातून काढलेली असते. एका सशाचं रक्त संपलं की दुसरा ससा, आणि दुसऱ्या सशाचं शरीर त्याच प्रथिनाविरुद्ध वेगळंच मिश्रण तयार करतं. आमच्याकडे स्टीलची हीट बदलली तर नवं सर्टिफिकेट द्यावं लागतं. इथे ससा बदलला तरी कॅटलॉगमधला नंबर तोच, कागदावरचं चित्रही तेच.

यावर उपाय नाही असं नाही. केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ सालीच एका पेशीच्या वंशजांकडून एकाच प्रकारची अँटीबॉडी सतत करून घेण्याची रीत काढली, आणि १९८४ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. आता त्याच्याही पुढे जाऊन अँटीबॉडीच्या जनुकाचा अनुक्रम वाचतात आणि तो दुसऱ्या पेशीत घालून हवा तेवढा माल काढतात. याला रिकॉम्बिनंट म्हणतात. ड्रॉइंग हाती असलं की माल कुठल्याही शेडमध्ये तसाच निघतो, तसं. तरीही सशाच्या रक्तातल्या कुप्या कॅटलॉगांतून ढिगाने विकल्या जातात, कारण घेणारा प्रश्न विचारत नाही.

तो विचारत नाही हे मला आधी पटेना. पीएच.डी. झालेली माणसं, त्यांना तपासणी शिकवायला मी कोण? मग एकदा भाचीला विचारलं, की ही अँटीबॉडी बरोबर आहे हे तुम्ही ठरवता कसं. ती म्हणाली, “पट्टी योग्य जागी आली की.” मी म्हटलं, “म्हणजे फक्त गो बाजू बघता.”

ज्यांनी प्लग गेज हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भोक मापात आहे का हे बघायला एक दंडगोल असतो, त्याला दोन टोकं. गो टोक भोकात गेलंच पाहिजे. नो-गो टोक गेलं नाही पाहिजे. नवखा पोरगा गो टोक घालतो, ते सहज जातं, आणि तो ‘ओके’चा शिक्का मारून मोकळा होतो. मोठं झालेलं भोकही गो टोकाला आनंदाने आत घेतं. माल नापास करण्याचं काम नो-गो टोकाचं, आणि कंटाळा नेमका त्याचाच येतो.

अँटीबॉडीला नो-गो टोक आहे. ज्या उंदरातून, माशीतून किंवा पेशीतून ते प्रथिन बनवणारं जनुकच काढून टाकलं आहे, तिच्या अर्कावर अँटीबॉडी सोडायची. तिथे प्रथिन नाही, म्हणजे पट्टी येता कामा नये. आली, तर ती दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे. याला नॉकआउट चाचणी म्हणतात. क्रिस्पर हे जनुकं कापण्याचं तंत्र आल्यापासून अशा पेशी तयार करणं पूर्वीसारखं अवघड राहिलेलं नाही. तरी पुष्कळ शोधनिबंधांमध्ये ही चाचणी दाखवलेली नसते, असं भाचीच म्हणते, आणि ते म्हणताना तिचा चेहरा ऑडिटमध्ये सापडलेल्या सुपरवायझरसारखा होतो.

हे नुसतं आमच्या जेवणाच्या टेबलावरचं मत नाही. २०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभरावर शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की निकामी अँटीबॉडीजवर जगभरात वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलर वाया जात असावेत. त्यानंतर कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, वायकॅरॉस नावाचा एक गट कामाला लागला. मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनं आणि त्यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटीबॉडीज घेऊन त्यांनी एकेक नॉकआउट पेशींवर लावून पाहिली. २०२३ मध्ये निकाल छापून आला : निम्म्याहून जास्त अँटीबॉडीज एका तरी चाचणीत नापास. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध असे सापडले, ज्यांतली अँटीबॉडी ते प्रथिन ओळखतच नव्हती. रिकॉम्बिनंट माल सगळ्यांत चांगला ठरला.

माझ्यासारख्याला त्यातली सगळ्यांत लक्षणीय गोष्ट वेगळीच वाटली. अँटीबॉडी विकणाऱ्या कंपन्यांनी माल स्वतःहून तपासणीला दिला होता. निकाल आल्यावर अपेक्षेला न उतरलेल्या मालातला साधारण एकपंचमांश त्यांनी विक्रीतून काढला आणि आणखी सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या. म्हणजे सप्लायर लबाड होता असं नाही. त्याला कुणी नो-गो लावून दाखवलं नव्हतं.

आता पिंपरीकडे येतो, कारण या गावाचं आणि अँटीबॉडीचं नातं जुनं आहे. पिंपरीला औषधांचं गाव केलं ते एच.ए.ने. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली, पेनिसिलीन करू लागली. पुढे हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध तिथल्याच प्रयोगशाळेत सापडलं. अँटीबॉडी मात्र बनत होती हाफकिनच्या पिंपरीच्या केंद्रात, घोड्यांच्या रक्तातून. घोड्याला सापाच्या विषाचे अगदी छोटे डोस वाढवत न्यायचे, त्याच्या रक्तात विषाविरुद्धच्या अँटीबॉडीज तयार झाल्या की रक्त काढून घ्यायचं, त्यातून सीरम शुद्ध करायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष. जुन्नर-आंबेगावकडे रात्री पाणी धरायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावला तर सरकारी दवाखान्यात जी बाटली लावतात, ती म्हणजे याच जातीची अँटीबॉडी.

आणि तिला नो-गो सुटलेलं नाही. भारतीय औषधसंहितेप्रमाणे सर्पविषावरच्या सीरमच्या एका मिलिलिटरने नागाचं आणि घोणसचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केलंच पाहिजे. तेवढं झालं नाही तर तो लॉट दवाखान्यात जाऊ शकत नाही. या मापातही उणिवा आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवलं आहे, की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं आणि एका भागातल्या विषावर केलेलं सीरम दुसऱ्या भागात कमी पडतं. पण माप आहे म्हणून तर ते कमी पडतं हे कळलं.

घोड्यांपासून चाकण फार लांब नाही. चाकण एमआयडीसीच्या दुसऱ्या टप्प्यात, खालुंब्र्याजवळ, एन्झीन ही कंपनी मोनोक्लोनल अँटीबॉडीची औषधं करते. हाडं ठिसूळ होण्यावर दिलं जाणारं डेनोसुमॅब त्यातलंच. भोसरीत एमक्युअर आहे, तिचीच जेनोवा हिंजवडीत जैविक औषधं करते. म्हणजे ज्या रस्त्यावर सकाळी मोटारींचे कंटेनर अडकून पडतात, त्याच रस्त्यावर जगातल्या सगळ्यांत काटेकोर अँटीबॉडीज बनतात, लॉटमागून लॉट, तपासून. आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेतली मुलगी मेंदूतलं एक प्रथिन बघायला दोन थेंब परदेशातून मागवते आणि ते खरे की खोटे हे स्वतःच्या फेलोशिपच्या वर्षांतून शोधते. हे मला पटत नाही.

‘मग एन्झीनने करावं की’ असं कुणी म्हणेल. नाही, मोठ्या प्लांटचं ते काम नाही. औषधाला किलोने माल लागतो, संशोधनाला मिलिग्रॅममध्ये. मोठ्या रिअ‍ॅक्टरला इतका छोटा लॉट परवडणार नाही. हे काम छोट्या शेडचं आहे, जॉब शॉपचं. भोसरीत अशी कामं करणारी माणसं कमी नाहीत, आणि बायोटेकमधून बाहेर पडून स्वतःचं काही करू पाहणारी तरुण मुलं तर हिंजवडी ते तळेगाव पसरली आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या न्यूरोमॅबने मेंदूच्या प्रथिनांवरच्या कित्येक अँटीबॉडीजचे अनुक्रम खुले केले आहेत. ड्रॉइंग मिळण्याची सोय आहे. देशात भुवनेश्वर, कोलकात्याला छोट्या कंपन्या या धंद्यात आहेतच.

भाची यावर एक खरा आक्षेप घेते. “मामा, तुझा बोल्ट सगळ्या गाड्यांत बोल्टच राहतो. माझी अँटीबॉडी जेलवर एक वागते आणि मेंदूच्या कापावर दुसरं. जेलवर पास म्हणजे सगळीकडे पास नाही.” बरोबर आहे. शिवाय काही जनुकं अशी, की ती काढली तर पेशीच जगत नाही. तिथे नॉकआउट होणार कसं? मग प्रथिनाचं प्रमाण अर्धवट घटवून तपासावं लागतं, आणि निकाल तेवढा स्वच्छ येत नाही. हे सगळं मान्य. पण आमच्याकडेही एकच पार्ट वेगवेगळ्या टेस्टला वेगळा वागतो. म्हणून तर ड्रॉइंगवर प्रत्येक टेस्ट वेगळी लिहितात. जेलसाठी तपासली, कापासाठी नाही, एवढं कुपीवर लिहायला काय अडचण आहे?

दुसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः नॉकआउट पेशी बनवायच्या म्हटलं तर मूळ संशोधन कधी करणार? इथे मला मोटार उद्योगाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९६६ साली या उद्योगाने केंद्र सरकारबरोबर एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था उभी केली. आज कोथरूडच्या टेकडीवर आणि चाकणलाही तिची केंद्रं आहेत. बाजारात एकमेकांचे गळे धरणारे कारखाने चाचणीला एकाच दारात गाडी आणतात. प्रत्येकाने स्वतःचा क्रॅश ट्रॅक बांधला असता तर हा पट्टा आज जिथे आहे तिथे नसता. अँटीबॉडीसाठी तशी एक सामाईक जागा पुण्यात होऊ शकते, आणि तिला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही. एनसीसीएसचं मूळ कामच देशाला पेशी पुरवण्याचं. नॉकआउट पेशींची बँक तिथे शोभेल. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत जनुकांचं काम तपासण्यासाठी उंदरांची राष्ट्रीय सुविधा आहे. मज्जासंस्थेतली नेहमी लागणारी पन्नासेक प्रथिनं निवडा, त्यांच्या अँटीबॉडीज लावून बघा, निकाल सगळ्यांना दिसतील असे मांडा. वायकॅरॉसने हेच केलं.

सरकारी खरेदीचीही एक गंमत आहे, हसू न येणारी. खरेदी मोठी असली की तीन कोटेशन, त्यातला एल-वन, म्हणजे सगळ्यांत स्वस्त, तो घ्या. बोल्टच्या बाबतीतही एल-वन आधी पीपॅपमधून पार व्हावा लागतो, मग दराची गोष्ट. अँटीबॉडीत पीपॅप नाही, फक्त दर. आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० वरून १५० टक्के केलं होतं. ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतलं. आयात महाग करणं म्हणजे इथे माल बनवणं नव्हे, एवढं त्यातून कुणीतरी शिकलं असावं अशी आशा.

माझं मागणं लहान आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, दोघंही अनुदानाचा अर्ज भरून घेतात. त्या नमुन्यात एक रकाना वाढवा : वापरायच्या प्रत्येक अँटीबॉडीचा कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आणि ती ज्या प्रयोगात वापरायची त्याच प्रयोगात नॉकआउटवर तपासली का, कोणी, कधी. उत्तर ‘नाही’ असेल तर अनुदान नाकारू नका; तपासणीचा खर्च त्याच अनुदानात वेगळा धरून द्या. पुण्याच्या विज्ञान संस्थांनी आणि या पट्ट्यातल्या बायोटेक कंपन्यांनी त्या तपासणीसाठी एक जागा ठरवावी. आमच्या भोसरीतल्या कॅलिब्रेशनवाल्यांना बोलवा. पेशी आम्हाला कळणार नाहीत, पण लॉटचं रजिस्टर कसं ठेवायचं, रिजेक्शन कसं लिहायचं आणि सप्लायरला पत्र कसं धाडायचं हे आम्ही फुकट शिकवू.